मुलांना मोठ्या पुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्या द्याव्यात का?

प्रश्न

मुलगी नऊ वर्षांची आहे, वाचनाची गोडी लागली आहे. भाच्याची जुनी पुस्तकं घरी आली, त्यात ‘रॉबिन्सन क्रूसो’, ‘गलिव्हर’, ‘ट्रेझर आयलंड’ अशांच्या बारक्या आवृत्त्या आहेत. ती भराभर वाचते आहे. माझे वडील म्हणतात, गोष्ट आधीच कळली की मोठेपणी मूळ पुस्तक हातात धरणार नाही. मला काय करावं कळत नाहीये.

उत्तर १

खुशाल वाचू द्या. लुईस कॅरॉलनं आपलीच १८६५ ची ‘ॲलिस इन वंडरलँड’ अगदी लहान मुलांसाठी पुन्हा छोटी करून लिहिली, १८९० साली. खुद्द लेखकाला चाललं, मग आपण कशाला अडून बसायचं?

उत्तर २

मी शाळेच्या ग्रंथालयात आहे, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. वाचू द्याच, पण आवृत्ती आधी स्वतः चाळा. काहींत प्रकरणं गाळलेली असतात, पण जे उरतं ते लेखकाचंच असतं. काहींत मात्र कुणीतरी गोष्टीचा नुसता सारांश लिहून काढलेला असतो. गाळलेलं मला चालतं. सारांश वाचून मुलाला काय घडलं एवढंच कळतं.

क्रूसोचंच बघा. जहाज फुटून तो एकटाच ज्या बेटावर अडकतो, तिथं त्याला अचानक जवाची हिरवी कणसं दिसतात. देवानंच आपल्यासाठी उगवली असं वाटून त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मग आठवतं, कोंबड्यांच्या दाण्याची पिशवी आपणच तिथं झटकली होती. झालं, चमत्कार ओसरतो आणि कृतज्ञताही! थोड्या वेळानं त्याला वाटतं, उंदरांनी फस्त केलेल्या पिशवीत चार दाणे शाबूत राहिले आणि नेमके तिथंच पडले, हेही काही कमी नाही. माणसाचं मन कसं हेलकावतं ते इथं दिसतं, आणि नऊ वर्षांच्या मुलीला ते नक्की कळतं. मी पाहिलेल्या एका आवृत्तीत यातलं काहीच नव्हतं. ‘त्याने धान्य पिकवले’ एवढ्यावर काम भागवलं होतं. तशी पुस्तकं मी कपाटात ठेवत नाही. संक्षेप कुणी केला त्याचं नावच पुस्तकात नसेल तर तेही मला खटकतं.

उलट ‘गलिव्हर’चे मूळ चार भाग. मुलांच्या पुस्तकात बहुधा बुटक्यांचा आणि राक्षसांचा असे पहिले दोनच येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ते दोन आपापल्या जागी पुरे आहेत. फक्त राक्षसांच्या राजाला गलिव्हर मोठ्या ऐटीत बंदुकीची दारू देऊ करतो आणि राजा हादरून ‘पुन्हा नाव काढू नकोस’ म्हणतो, तो प्रसंग शाबूत आहे का, ते बघा.

आणि आजोबांना सांगा, ठाऊक असलेली गोष्ट मुलं पुन्हा पुन्हा मागतात. मूळ पुस्तक, किंवा त्याचा पूर्ण अनुवाद, आणून तिला आवडलेला एखादाच प्रसंग त्यातून मोठ्यानं वाचून दाखवा. ‘हे माझ्या पुस्तकात नव्हतं’ असं ती आपणहून म्हणेल.

उत्तर ३

थोडी वेगळी बाजू मांडतो. माझ्या मुलाला अक्षरं जुळवतानाच दमायला होतं. मोठ्या टायपातलं, साध्या वाक्यांचं ‘ट्रेझर आयलंड’ हे त्यानं शेवटपर्यंत वाचलेलं पहिलं पुस्तक. सारांश होता, मान्य. पण तुमच्या कपाटात ते नसतं तर त्याला काय मिळालं असतं?

उत्तर २

त्याच्यासाठी मी ते जरूर ठेवीन. त्याला वाचायला त्रास होतो, ऐकायला नाही ना? मग तेच पुस्तक पूर्ण, रोज थोडं थोडं, तुम्ही वाचून दाखवा. गोष्टीतला मुलगा जिम सफरचंदांच्या पिंपात बसून चाचा सिल्व्हरचा कट ऐकतो तिथून सुरुवात केलीत तरी हरकत नाही. पुढचं मागचं त्याला ठाऊकच आहे.