बॅकलॉग : अनुशेष, थकबाकी की आणखी काही?

विचारणा :
व्हिडिओ गेम बनवायला शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. 'स्प्रिंट' (कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा), 'स्टँड-अप' (गटाची रोजची छोटी बैठक) तसेच ठेवले, मुलांच्या तोंडी तेच आहेत. अडलोय 'बॅकलॉग'पाशी. इंजिनिअरिंगच्या पोरांना बॅकलॉग म्हटलं की राहिलेले विषय, म्हणजे केटी आठवते. फळ्यावर 'प्रॉडक्ट बॅकलॉग' लिहिलं की चेहरे पडतात. सरकारी मराठीत 'अनुशेष' आहे, तो चालेल का?

प्रतिसाद १ :
अनुशेष नको. दांडेकर समितीचा १९८४चा अहवाल आल्यापासून विदर्भ-मराठवाड्याच्या विकासाचा अनुशेष आपण ऐकतोय, शिवाय नोकरभरतीचा अनुशेष आहेच. द्यायला हवं होतं आणि दिलं नाही, तो अनुशेष. तो भरून काढायचा असतो. 'थकबाकी'चंही तेच.

स्क्रम म्हणजे गटाने टप्प्याटप्प्याने काम करायची पद्धत; तिच्यातला बॅकलॉग हे कुणाचं देणं नाही. स्क्रम गाइडच्या २०२०च्या आवृत्तीनुसार ती उत्पादन सुधारायला काय काय लागेल याची क्रम लावलेली यादी आहे, आणि ती काम पुढे जाईल तशी बदलते. त्यातलं बरंचसं कधीच बनलं नाही तरी कुणी नापास होत नाही. यादीला थकबाकी समजणारा गट मात्र शेवटच्या आठवड्यात रात्री जागवून सगळं उरकायला बसतो. गेमच्या धंद्यात याला 'क्रंच' म्हणतात. मुलांना त्यात मर्दुमकी वाटते. मला तर तो निव्वळ नियोजनाचा घोळ वाटतो. काय गाळायचं हे वेळेवर ठरवून गटाला तसं सांगणं, व्यावसायिकपणा तो.

प्रतिसाद २ :
'उतरंड' कसा वाटतो? घरातली मडक्यांची उतरंड आठवा : तळाशी रांजणाएवढं, वर लहान होत जाणारी, आणि हात घालायचा तो वरच्याला. बॅकलॉग असाच रचतात. समजा विटीदांडूचा गेम आहे. सगळ्यात वर 'टोला बसल्यावर टक् असा आवाज' : छोटं, स्पष्ट, एकाने दुपारभरात करण्यासारखं. मधे 'विटी उडाली की कॅमेरा मागे जावा'. तळाला 'दोघांना ऑनलाइन खेळता यावं', ज्याचा अंदाज आज कुणालाच नाही. ते वर येईल तेव्हा फोडून लहान करायचं. तळाचं आधी ओढलं तर काय होतं ते सांगायला नको.

प्रतिसाद १ :
पटतंय, पण 'जातींची उतरंड' हा वापर इतका रुळलाय की काहींना खटकेल. 'कामांची उतरंड' असं जोडूनच लिहा.

जाता जाता : 'डन'साठी, म्हणजे काम पुरं झाल्याच्या खुणेसाठी, 'झालं' लिहिणार असाल तर जपून. "झालंच आहे, फक्त टेस्टिंग राहिलंय" हे वाक्य प्रत्येक स्टँड-अपला ऐकू येतं. आपल्या बोलण्यात 'झालंच' म्हणजे झालेलं नाही. दुसऱ्याच्या मशीनवर चालल्याशिवाय त्या कामाचं कार्ड फळ्यावरच्या शेवटच्या, 'झालं'च्या रकान्यात न्यायचं नाही, एवढं गटाने आधीच लिहून ठेवावं.

विचारणाकर्ता :
'कामांची उतरंड' घेतोय. मुलांनी लगेच 'ऑनलाइन' तळाला टाकलं. ते सुचवणारा जरा फुगलाय, पण या स्प्रिंटला टोल्याचा आवाज त्याच्याकडेच आहे. 'झालं'ची अटही फळ्यावर लिहिली, तर एकाने विचारलं, "दुसऱ्याचं मशीन बंद असेल तर?" उद्याच्या स्टँड-अपला हेच निघणार.