शब्दचर्चा : हॅझार्डला धोका म्हणायचं, तर रिस्कला काय?

प्रश्न : रसायनांच्या सुरक्षापत्रकाचा अनुवाद करतेय. हॅझार्ड आणि रिस्क, दोन्हींना ‘धोका’ लिहिलेलं आढळतं. चालेल का?

उत्तर १ : नाही चालणार. हॅझार्ड हा पदार्थाचा अंगचा गुण. पिंप सीलबंद असलं तरी टोल्युईनचा (थिनरमधल्या, पटकन उडून जाणाऱ्या द्रवाचा) गुण बदलत नाही. रिस्क संपर्कावर ठरते. १० मिली टोल्युईन ३×४×२.५ मीटरच्या बंद खोलीत पूर्ण उडालं, तर हवेत साधारण ७७ पीपीएम (दशलक्ष भागांत ७७ भाग) होतं. आठ तासांच्या सरासरीसाठी शिफारस २० पीपीएमची आहे. खिडक्या उघडल्या की रिस्क घटते, हॅझार्ड तेवढाच. म्हणून हॅझार्डला ‘घातकता’ आणि रिस्कला ‘जोखीम’ लिहा.

उत्तर २ : ‘जोखीम’ला सहमत. फक्त ‘अंगावर जोखीम आहे’ म्हणजे दागिने, हे जुन्या वाचकाच्या मनात येणारच! आणि ‘धोका’ मोकळा ठेवायला आणखी एक कारण आहे. लेबलवर दोन संकेतशब्द असतात : डेंजर आणि वॉर्निंग. त्यांना ‘धोका’ आणि ‘इशारा’ म्हणा. दोन्हींना ‘सावधान’ लिहिलं की तीव्रतेतला फरकच पुसला जातो. तोंडावाटे विषारीपणात शरीराच्या वजनाच्या किलोमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत ‘धोका’ आणि कवटीचं चिन्ह. त्यापुढे २००० पर्यंत ‘इशारा’ आणि उद्गारचिन्ह. हा आकडा म्हणजे निम्मे प्रयोगप्राणी मरतील ती मात्रा. आकडा लहान तितकं विष जहाल. या आकड्यांवरून वर्ग पडतात, आणि वर्ग १ सर्वांत वाईट. इथे उलटं वाचणारे पुष्कळ.

प्रश्नकर्ती : मग ‘विषारी’ एवढंच लिहिलं तर?

उत्तर १ : कोणाला विषारी, ते राहून जातं. मोरचूद घ्या. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, १ किलो चुना घालतात. द्राक्षवाल्यांना ठाऊकच आहे. माणसाच्या पोटात गेल्यास मोरचुदाचा वर्ग ४, पण जलचरांसाठी थेट वर्ग १, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रमाणातही मारक. फवारणीची टाकी ओढ्यात विसळणाऱ्याला पत्रकाचा विभाग ११ (माणसाच्या आरोग्यावरचे परिणाम) वाचून काही कळत नाही. त्याने विभाग १२ (पर्यावरणावरचे परिणाम) वाचावा. तेव्हा ‘जलचरांस अतिविषारी’ असं पूर्ण लिहा.

उत्तर ३ : एक्सपोजरला ‘संपर्क’ लिहिताना जपून. वाचणारा फक्त कातडीचा विचार करतो. ‘श्वासावाटे’, ‘त्वचेवाटे’, ‘तोंडावाटे’ हे जोडाच. त्यासाठीचा ‘उद्भासन’ हा पारिभाषिक शब्द मात्र नको. कामगार पान उलटेल.