टेक्सासमधली रानटी डुकरं: शिकार थांबवल्याशिवाय ती कमी होणार नाहीत

ब्राझोसकाठ

ब्राझोस नदीच्या खालच्या खोऱ्यात आमची थोडी जमीन आहे. निम्म्या भागात ज्वारी आणि मका, उरलेला झाडोरा हरणांच्या शिकारीसाठी हंगामी लीजवर देतो. माझं मत सरळ मांडतो, पटत नसेल तर जरूर विरोध करा. अशा लीजच्या जमिनींवर डुकरांची हौशी शिकार पूर्ण बंद व्हायला हवी आणि फक्त पिंजरे लावून अख्खे कळप पकडायला हवेत. बंदुकीने डुकरं संपत नाहीत, ती पसरतात.

हिशोब बघा. डुकरीण सहा-आठ महिन्यांची झाली की माजावर येते, सुमारे 115 दिवसांत विते, आणि एका वेताला पाच-सहा पिल्लं देते. त्यामुळे दरवर्षी दोन तृतीयांशाच्या आसपास डुकरं काढली तरच संख्या आहे तिथे राहते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या जुन्या अंदाजानुसार शिकार, पिंजरे, कुत्रे, हेलिकॉप्टर हे सगळं मिळून साधारण 29 टक्केच निघतात. आणि आपल्याकडे कायद्याची आडकाठी तर काहीच नाही! 2011 मध्ये हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायच्या सफरी विकायला परवानगी मिळाली, 2017 मध्ये गरम हवेच्या फुग्यातूनही मारायला, आणि 2019 पासून जमीनमालकाची संमती असेल तर खासगी जमिनीवर शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. तरीही राज्याच्या 254 पैकी जवळजवळ सगळ्या काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) डुकरं आहेत.

वीस जणांच्या कळपातली दोन मारली की उरलेली अठरा त्या जागेला बिचकतात, पूर्ण निशाचर होतात आणि शेजाऱ्याच्या रानात जातात. मका पेरल्याच्या रात्री ती तासातासाने पुढे सरकत दाणा न् दाणा उकरून खातात. सकाळी बघवत नाही.

टेनेसीने 1999 मध्ये राज्यभर, वर्षभर, कितीही मारा अशी मुभा दिली. दहाएक वर्षांत डुकरं 95 पैकी जवळपास 80 काउंट्यांत पोचली. 2011 मध्ये त्यांनी ती मुभा काढून घेतली.

डॅलसकर

तुमचा त्रास खरा आहे, पण निष्कर्ष चुकीच्या माणसांवर ढकलताय. टेनेसीत डुकरं बंदुकीच्या आवाजाने पळत राज्यभर गेली नाहीत. लोकांनी ट्रेलरमध्ये भरून चोरून नवीन ठिकाणी नेऊन सोडली. गुन्हा तो आहे. त्याला जबर दंड लावा, मी तुमच्या बाजूने सही करतो.

टेक्सासची सुमारे 95 टक्के जमीन खासगी आहे. इथे सरकार येऊन पिंजरे लावेल ही अपेक्षाच फोल. मोबाइलवरून फाटक पाडता येणारा चांगला पिंजरा काही हजार डॉलरला पडतो. शंभर एकरवाल्याने तो आणायचा कुठून? आमचा मित्रांचा गट आहे. हरणांचा हंगाम संपल्यावर आम्ही डुकरांसाठी लीजचे पैसे भरतो. त्यातून मालकाचा कर, कुंपणाची डागडुजी निघते. मारलेलं मांस आम्ही घरी नेतो, चार घरांत वाटतो, वाया जाऊ देत नाही. माणूस रात्रभर थर्मल दुर्बीण लावून थंडीत बसतो, तुमच्या पिकासाठीच ना?

आणि हेलिकॉप्टरला नावं ठेवू नका. मोकळ्या माळावर एका सकाळीत जेवढा कळप टिपला जातो तेवढा तुमच्या पिंजऱ्यात महिन्यात येणार नाही.

मिसूरीतला_मराठी

मिसूरीत 2016 मध्ये संवर्धन खात्याने स्वतःच्या जमिनींवर डुकरांची शिकार बंद केली, तेव्हा आमच्या भागातले लोक खवळले होते. 'आमचा हक्क काढून घेतला' हेच ऐकू यायचं. खात्याचं म्हणणं एकच होतं: आम्ही दोन आठवडे मका टाकून कळप पिंजऱ्यापाशी आणतो आणि आदल्या रात्री कोणीतरी गोळी झाडतो, सगळी मेहनत फुकट. आज ओझार्क्सच्या पायथ्याच्या जमीनमालकाला खात्याची माणसं पिंजरा लावून देतात. फरक डोळ्यांना दिसतो.

पण ब्राझोसकाठ, एक गोष्ट तुम्ही सोडलीत. मिसूरीने हे सुरू केलं तेव्हा डुकरं मुख्यतः राज्याच्या दक्षिण भागात होती. तुमच्याकडे पंचवीस-तीस लाखांचा अंदाज सांगतात. मिसूरीचं ध्येय समूळ उच्चाटन आहे. टेक्सासात ते ध्येय ठेवलं तर लोक पहिल्याच वर्षी निराश होतील. तिथे खोऱ्याखोऱ्याने काम करावं लागेल.

पशुवैद्य_ह्यूस्टन

तुम्ही दोघंही विषाचं नाव काढत नाही आहात. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं विष) असलेल्या आमिषाला 2017 च्या सुरुवातीला टेक्सासने हिरवा कंदील दाखवला. शिकारी आणि मांस विकत घेणारे कोर्टात गेले, आणि उत्पादक कंपनीने एप्रिलमध्येच माघार घेतली. 2024 मध्ये राज्याने ते पुन्हा मर्यादित स्वरूपात वापरात आणलं. खाद्यपेटीचं झाकण जड असतं, डुक्कर ते नाकाने उचलतं, आणि खाल्लेल्या डुकराची चरबी निळी पडते, म्हणजे कापताना कळतं.

तरी माझा त्याला विरोध आहे. अंतर्गत रक्तस्रावाने मरायला त्या जनावराला काही दिवस लागतात, आणि तेवढे दिवस ते वेदनेत असतं. उपद्रवी असलं तरी जनावरच आहे ते. पिंजऱ्यात जवळून झाडलेल्या गोळीने क्षणात जातं. मला त्यातल्या त्यात हाच मार्ग माणुसकीचा वाटतो.

डॅलसकर, तुमच्या चार घरांसाठी: कापताना रबरी हातमोजे घालता ना? या डुकरांत ब्रुसेलोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार असतो आणि तो हाताच्या जखमेतून माणसाला होतो. मांस पूर्ण शिजवा, आणि आतडी कुत्र्यांपुढे टाकू नका.

डॅलसकर

हातमोजे घालतो, डॉक्टर. विषाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

वर्ध्याची_लेक

मी इथली नाही, वर्धा जिल्ह्यात आमची शेती आहे, पण हा विषय रोजचा म्हणून लिहिते. आमच्याकडे हरभरा, तूर, भुईमूग निघेपर्यंत घरातला एक माणूस रात्री जागलीला असतो. आमचे वडील मचाणावर डबा वाजवत बसतात.

तरीही मला एक भीती वाटते. तुमचे हेलिकॉप्टरचे व्हिडिओ आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतात आणि खाली लोक लिहितात, 'आपल्याकडेही असंच पाहिजे.' कृपा करून कोणी ही तुलना करू नका. तुमची डुकरं स्पॅनिश लोकांनी आणलेल्या गावठी डुकरांची आणि 1930 च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी सोडलेल्या युरोपीय रानडुकरांची अवलाद आहे. त्या जमिनीवर ती पाहुणी आहेत. आमचं रानडुक्कर इथलंच आहे, वाघाचं खाद्य आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतं. त्याच्यासाठी लावलेल्या जिवंत तारेने विदर्भात वाघ मेलेत आणि माणसंही. केरळने 2022 मध्ये स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना गोळी घालायच्या परवानगीचा अधिकार दिला, त्यावर आमच्याकडे वाद होऊ शकतो. पण तो नुकसानीचा वाद आहे, कुणाच्या करमणुकीचा नाही.

आणि डॅलसकर दादा, एक विचारते. 1930 च्या दशकात ज्यांनी डुकरं सोडली ते शिकारीच होते. ज्याच्या लीजचे पैसे डुकरांवर चालतात, त्याला ती संपावीत असं मनापासून वाटेल?

डॅलसकर

ताई, मला वाटतं. पण सगळ्यांबद्दल मी बोलू शकत नाही. लीजचे पैसे डुकरांमुळे मिळतात आणि काही मालक त्यांना जपतात, हे खरं आहे.

पण मग ब्राझोसकाठ, तुम्हीही उत्तर द्या. तुमच्या लीजवर हरणांसाठी मक्याचे फीडर आहेतच. हरणांच्या नावाने टाकलेला तो मका रात्री कोण खातं? माझ्या मते टेक्सासात डुकरांना पोसणारी सगळ्यात मोठी गोष्ट बंदूक नाही, हे फीडर आहेत. शिकार बंद करा म्हणताना फीडर बंद करा असं तुम्ही एकदाही लिहिलं नाहीत.

ब्राझोसकाठ

मुद्दा बरोबर आहे आणि तो वर यायलाच हवा होता. आमच्या प्रत्येक फीडरभोवती साधारण 34 इंच उंचीच्या जाळीचं रिंगण आहे. हरीण उडी मारून आत जातं, डुक्कर बहुतेक बाहेर राहतं. लीजच्या करारातच ती अट आहे. माझ्या मते प्रत्येक काउंटीत ही सक्ती असावी. पिंजऱ्याच्या मानाने खर्च फार कमी आहे, त्यामुळे परवडत नाही ही सबब इथे चालणार नाही.

पिंजऱ्याच्या खर्चाचं म्हणाल तर पाच-सहा शेजाऱ्यांनी मिळून एक घ्यावा. नदीकाठच्या कळपाला तुमचं कुंपण, माझं कुंपण कळत नाही, मग पिंजरा तरी एकट्याचा कशाला? एक जण कॅमेरा बघेल, एक जण मका टाकेल. शेवटचं पिल्लू आत आल्याशिवाय फाटक पाडायचं नाही, एवढा संयम सगळ्यांनी पाळायचा. कारण बाहेर राहिलेली डुकरीण पुन्हा पिंजऱ्यात शिरायला फार अवघड. आणि मोकळ्या माळावर हेलिकॉप्टरला माझी ना नाही. आमच्या झाडोऱ्यात वरून काही दिसतच नाही.

डॅलसकर

जाळीचं मान्य. आमच्या गटाच्या सगळ्या फीडरना या हंगामाआधी लावतो, मालकाशी मी बोलतो. शेजाऱ्यांचा पिंजरा असेल तर त्यात आमच्या गटाचा वाटाही घ्या. पण शिकार पूर्ण बंद, याला मी तयार नाही. पिंजऱ्यातून सुटलेला एकटा नर कोण मारणार?

ब्राझोसकाठ

तो तुम्हीच मारा. कळप पकडून झाल्यावर उरलेल्या एकट्यादुकट्यासाठी मी स्वतः तुम्हाला बोलावेन. फक्त पिंजऱ्यात मका चालू असेल ते दोन-तीन आठवडे त्या भागात एकही गोळी नको. ही अट तुमचा गट लेखी देईल का?

डॅलसकर

गटात विचारतो. निम्मे हो म्हणतील. उरलेल्यांना वर्ध्याच्या ताईंचा प्रश्न वाचून दाखवेन.