आबांचा फोटो आणि सीएसटीची ती रात्र

सोसायटी ग्रुप, १६ फेब्रुवारी, सकाळ

बी-३०४: [फोटो] आज आर. आर. पाटील, आपल्या आबांची पुण्यतिथी. २०१५ ला गेले. असा गृहमंत्री पुन्हा होणे नाही. विनम्र अभिवादन 🙏

सी-१०१: 🙏🙏

ए-५०२: भावपूर्ण श्रद्धांजली. साधा माणूस.

ए-२०१: काका, राग मानू नका, पण माझे हात नाही जोडले गेले. २००८ च्या नोव्हेंबरात, २६/११ च्या हल्ल्यानंतर, आपण खाली गेटपाशी मेणबत्त्या लावल्या होत्या. तेव्हा आपण सगळेच त्यांचा राजीनामा मागत होतो. मोठ्या शहरात असं एखादं होतं, अशा अर्थाचं ते बोलून गेले होते आणि सगळ्यात जास्त तुम्हीच चिडला होतात.

बी-३०४: चिडलो होतो ताई, नाही कशाला म्हणू. पण १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला ना. २००९ ला परत तेच गृहमंत्री झाले आणि २०१२ ला कसाबला येरवड्यात फाशी दिल्याचंही त्यांनीच सांगितलं. गेलेल्या माणसाचं किती दिवस धरून ठेवायचं?

सेक्रेटरी: मंडळी, ग्रुपवर राजकीय विषय नको.

ए-२०१: सर, यात पक्ष कुठेच नाही. मला बोलू द्या.
त्या रात्री आमचे हे सीएसटीला होते. लोकलच्या बाजूला. पळताना एक बूट तिथेच राहिला. पहाटे घरी आले तेव्हा दारात उभं राहून मला म्हणाले, "पाय धुवायला पाणी दे." बाकी काही नाही. पुढच्या दिवाळीत खाली लवंगी वाजली तरी उठून बाथरूममध्ये जाऊन उभे राहायचे. तेव्हा ते वाक्य मी विसरावं असं कोणी म्हणू नका.

बी-३०४: हे मला माहीत नव्हतं ताई. इतकी वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून.

सी-४०३: मी तेव्हा चौथीत होतो. माझ्या पिढीला आबा माहीत आहेत ते रील्समधून. भाषण, मागे हळवं संगीत. त्यात २६/११ नसतं. डान्सबार बंदी असते, पण ती २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही हे नसतं. तेव्हाचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख, त्यांचंही तसंच. मिश्कील भाषणं सगळी सापडतात, हल्ल्यानंतर सिनेदिग्दर्शकाला सोबत घेऊन केलेली ताजची ती पाहणी कोणी टाकत नाही. आम्ही हाच इतिहास समजून चाललोय.

ए-५०२: माझी आई म्हणायची, मेल्या म्हशीला मणभर दूध. मनमोहन सिंग २०१४ च्या जानेवारीत पत्रकारांना म्हणाले होते की इतिहास माझ्याकडे जास्त मायेने बघेल. तेव्हा मीसुद्धा हसलो होतो. २६ डिसेंबर २०२४ ला ते गेले आणि त्याच रात्री मी स्टेटस ठेवलं. आज त्याची लाज वाटते. जिवंतपणी दोन शब्द चांगले बोलायला काय जात होतं?

सी-१०१: नरसिंह राव २००४ ला गेले तेव्हा दिल्लीत त्यांच्याच पक्षाच्या मुख्यालयाचं फाटक उघडलं नाही. भारतरत्न मिळालं २०२४ ला. सगळ्यांच्या वाट्याला लगेच माया येत नाही.

ए-१०३: मी सहसा लिहीत नाही, पण आज लिहितो. मी ग्रामसेवक म्हणून रिटायर झालो. आबा ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. त्यात आधी पैसा नव्हता. गावाने श्रमदान करायचं, तपासणी समितीने बघायचं आणि नंबर आला तर बक्षीस. मला पहिल्यांदा वाटलं, कोण करणार?

सगळ्यात अवघड काम उकिरडे हलवायचं. उकिरडा म्हणजे शेतकऱ्याचं वर्षाचं खत. तो दारातून गावाबाहेर न्या म्हणालं की भांडणं व्हायची. एका आजींनी माझ्यावर खराटा उगारला होता. त्याच आजींनी पंधरा दिवसांनी मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा खणायला अंगण दिलं आणि तपासणीच्या दिवशी हागणदारीच्या वाटेवर रांगोळी काढली. शाळेतल्या मुली पहिल्यांदा दार असलेल्या मुतारीत गेल्या. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

म्हणून २०१५ ला ते ५७ व्या वर्षी कर्करोगाने गेले तेव्हा आमच्याकडे लोक रडले, त्यात नवल नव्हतं. आमच्याकडे माया आधीपासून होती, ती शहराला ऐकू येत नव्हती. राग तुमच्याकडे होता, तोही खरा. माणूस गेला की राग असलेला मोठ्या मनाने गप्प बसतो, माया असलेला मोठ्याने बोलतो. मग सगळ्यांचंच मत बदलल्यासारखं दिसतं.

ए-२०१: काका, हे पटलं. उकिरड्याचं मला कोणी सांगितलंच नव्हतं. पण मग गप्प बसणाऱ्यांनीही बोलायला हवं. ऑक्टोबर २०१४ ला प्रचारात बलात्काराच्या गुन्ह्यावरून ते जे बोलले, त्याने आम्ही बायका किती दुखावलो होतो. नंतर दिलगिरी व्यक्त केली, मान्य. पण मध्ये जेमतेम चार महिने गेले आणि फेब्रुवारीत त्याचा उल्लेखही कुठे नव्हता. त्यांच्या जागेवरच्या पोटनिवडणुकीत वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मोठ्या फरकाने निवडून आल्या.

सी-४०३: म्हणजे दोन्ही लिहायला हवं.

ए-१०३: हो बाळा. गावाने शहराचं ऐकावं आणि शहराने गावाचं. श्रद्धांजली म्हणजे अर्धं झाकणं नव्हे. आबा स्वतः गावातून आलेले, तोंडावर ऐकून घ्यायची त्यांना सवय असणार.

बी-३०४: दुपारपर्यंत विचार केला. सकाळचा मेसेज काढून टाकला आहे. फोटो परत टाकतो, खाली हे लिहून:
"आर. आर. पाटील, अंजनी, ता. तासगाव. ग्रामस्वच्छता अभियानाने गावं उजळवणारे मंत्री. २६/११ च्या वेळी गृहमंत्री. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. बोललेल्या वाक्यावरून टीका झाली, १ डिसेंबर २००८ ला राजीनामा. अभिवादन आबांना आणि त्या १६६ जणांनाही."
ताई, काही राहिलं असेल तर सांगा.

ए-१०३: बरोबर आहे 🙏

ए-२०१: यांना वाचून दाखवलं. चष्मा लावून परत स्वतः वाचलं, फोटो मोठा करून बघितला आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, काकांना संध्याकाळी चहाला बोलाव.