विंडोज १० चा सपोर्ट संपला: गेम आणि रोजचं काम एकाच मशीनवर आहे, ११ टाकू, लिनक्स टाकू की दोन्ही?

सातवीपिढी

मशीन असं आहे: आय५-७४००, एच११० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ (एकच स्टिक, एक स्लॉट मोकळा), जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, १ टीबी हार्डडिस्क. एसएसडी नाही. विंडोज १० होम, २२एच२, लायसन्स ओरिजिनल. मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं ॲप सांगतं की हा प्रोसेसर ११ ला चालणार नाही.

गेम: व्हॅलोरंट, सीएस २, जीटीए ५ (स्टोरी आणि ऑनलाइन दोन्ही). काम: टॅली प्राइम, ब्राउझर, बँकेचे व्यवहार, आणि श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये) टाइप केलेल्या वर्डच्या सात-आठशे जुन्या फायली. त्या अधूनमधून उघडून दुरुस्त कराव्या लागतात.

खर्च पाच-सहा हजारांच्या आत बसवायचा आहे, नवीन मशीन सध्या नको. विंडोज १० वरच राहणं कितपत धोक्याचं? सगळं लिनक्सवर नेलं तर काय सुटेल?

फ्रेमरेट

ओएस कोणती हे यादीतलं सर्वात हट्टी सॉफ्टवेअर ठरवतं. तुमच्याकडे अशी चार आहेत: व्हॅलोरंट, जीटीए ऑनलाइन, टॅली आणि श्रीलिपी. चारही विंडोजवर अडलेली आहेत, म्हणजे विंडोज मशीनवर राहणारच. आता प्रश्न उरतो तो सोबत लिनक्स ठेवायचं का, एवढाच.

गेमचं आधी बघू, कारण "लिनक्सवर आता सगळे गेम चालतात" हे अर्धंच खरं आहे. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीमचं प्रोटॉन २०१८ साली आलं. विंडोजच्या गेमने डायरेक्टएक्सला (विंडोजच्या ग्राफिक्स व्यवस्थेला) केलेली मागणी ते व्हल्कनमध्ये (लिनक्सवरही चालणाऱ्या तशाच व्यवस्थेत) बदलून देतं. एकट्याने खेळायचे बहुतेक गेम त्यामुळे खरंच चालतात, जीटीए ५ ची स्टोरीसुद्धा. अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये (ओएसच्या गाभ्यात), मशीन सुरू होतानाच ड्रायव्हर म्हणून बसतं. लिनक्समध्ये विंडोजचा कर्नलच नाही, तर प्रोटॉन तो आणणार कुठून? व्हर्च्युअल मशीनमध्येही (लिनक्सच्या आत चालवलेल्या विंडोजमध्येही) व्हॅनगार्ड चालू देत नाही. तो रस्ता पूर्ण बंद समजा.

बॅटलआय आणि इझी अँटी-चीटचं तसं नाही. त्यांना लिनक्सवर चालता येतं, पण गेम बनवणाऱ्याने तशी परवानगी चालू करावी लागते. रॉकस्टारने सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनला बॅटलआय लावलं आणि ती परवानगी दिली नाही, म्हणून त्या दिवसापासून लिनक्सवरचं ऑनलाइन बंद. एपेक्स लेजंड्स तर आधी चालत होतं, ३१ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी दार लावून घेतलं. सीएस २ मात्र मुळातच लिनक्ससाठी बनवलेलं आहे, त्याला प्रोटॉनही लागत नाही.

गेम विकत घेण्याआधी दोन साइट बघायची सवय लावा. प्रोटॉन-डीबीवर गेम कसा चालतो ते कळतं, "आर वुई अँटी-चीट येट" वर ऑनलाइन चालतो का ते कळतं. पहिल्या साइटवर "गोल्ड" असा शेरा दिसला म्हणून ऑनलाइन चालेल असं धरू नका.

मोकळा_स्लॉट

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन चालतच राहतं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येत नाहीत. ज्या मशीनवर बँक आणि टॅली आहे तिथे हे चालवून घेऊ नका. घरच्या वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वर्षभराची मुदतवाढ ठेवली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल नाउ" दिसेल. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. खातं तिन्ही प्रकारांत लागतं. हे आजच करून टाका, बाकीचं सावकाश ठरवा.

आता ११. तुमचं मशीन अडतंय ते फक्त प्रोसेसरच्या यादीवर. सातवीचे मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी आणि पुढचे एवढेच यादीत आहेत. टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारा भाग) मात्र सातव्या पिढीत असतं, बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ते "पीटीटी" नावाने बंद ठेवलेलं असतं. आणि व्हॅनगार्ड ११ वर तपासतं ते टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेली ओएस सुरू होऊ देणारी तपासणी), प्रोसेसरची पिढी नव्हे. म्हणून तुमच्यासारख्या मशीनवर ११ टाकून व्हॅलोरंट चालवता येतं. ज्यांच्याकडे टीपीएम २.० च नाही त्यांनी अट डावलून ११ टाकलं तर व्हॅन ९००१ हा एरर येऊन गेम बंद होतो.

याची दुसरी बाजूही नीट ऐका. यादीबाहेरच्या मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. महिन्याच्या दुरुस्त्या येतात, पण वर्षाची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही, ती दर वेळी आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉलरची पूर्ण फाइल) उतरवून हाताने चढवावी लागते. हे करायची तयारी असेल तरच या वाटेने जा.

आठवी पिढी घेऊन या बोर्डवर बसवायचा विचार करू नका. सॉकेटचं नाव तेच आहे, एलजीए ११५१, पण आठवीचे प्रोसेसर १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डवर सुरूच होत नाहीत.

पैसे आधी एसएसडीवर घाला. या मशीनचा जो संथपणा जाणवतो त्यातला मोठा भाग हार्डडिस्कचा आहे, ओएस बदलून तो जाणार नाही. बऱ्याच एच११० बोर्डांवर एम.२ ची खाच नसते, म्हणून सरळ अडीच इंची साटा घ्या, किमान ५०० जीबी. पैसे उरले तर दुसरी ८ जीबीची स्टिक टाका, दोन चॅनल झाले (दोन्ही स्टिक एकदम चालल्या) की गेममधले झटके कमी होतात. रॅमचे भाव सध्या चढलेले आहेत, जुनी चांगली स्टिक मिळाली तरी चालेल.

११ टाकताना क्रम असा ठेवा:

१. बायोसमध्ये पीटीटी चालू करा, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करा. सीएसएम बंद केल्यावर जुनी हार्डडिस्क बूट झाली नाही तर घाबरू नका, तिच्यावर एमबीआर या जुन्या पद्धतीचं पार्टिशन आहे एवढाच त्याचा अर्थ. डेटा जागेवर असतो.

२. रूफस या प्रोग्रामने इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह बनवताना जीपीटी आणि यूईएफआय (बूटची नवी पद्धत) निवडा. ८ जीबी पेनड्राइव्ह पुरतो. सुरू करताना विचारतं तेव्हा टीपीएम-सिक्युअर बूटची अट काढण्याच्या चौकटीत खूण करा.

३. मशीन बंद करून हार्डडिस्कची साटा केबल काढा, फक्त एसएसडी जोडलेली ठेवा. हे टाळू नका. दोन डिस्क दिसल्या की इन्स्टॉलर कधीकधी बूटचं पार्टिशन जुन्या डिस्कवर टाकतो, आणि वर्षभराने ती हार्डडिस्क मेली की चांगल्या एसएसडीवरचं विंडोजही उठत नाही.

४. की विचारली तर "माझ्याकडे की नाही" निवडून होम आवृत्तीच टाका. बोर्ड तोच असल्यामुळे जुनं डिजिटल लायसन्स इंटरनेट जोडल्यावर लागू होतं. प्रो टाकलं तर होणार नाही.

बूटलोडर

लिनक्स हवंच असेल तर एसएसडीचे तुकडे पाडू नका. वेगळी १२०-२४० जीबीची डिस्क लावा, ते बसवताना विंडोजच्या डिस्कची केबल काढा, आणि सुरू करताना बूट मेन्यूतून निवडा (गिगाबाइटला एफ१२, आसुसला एफ८, एमएसआयला एफ११). विंडोजचं मोठं अपडेट आलं तरी दोन्हींचे बूटलोडर (ओएस सुरू करणारे प्रोग्राम) एकमेकांना लागत नाहीत.

सुरुवातीला लिनक्समधलं मिंट २२ घ्या, त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट आहेत. बॅझाइट हे दुसरं लिनक्स गेमसाठी चांगलं आहे, पण तुमचं कार्ड पास्कल पिढीचं. एनव्हिडियाचे नवे ओपन ड्रायव्हर ट्युरिंग या नंतरच्या पिढीपासून पुढेच चालतात आणि लिनक्सवर पास्कलसाठी ५८० ही शेवटची मालिका आहे. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजरमधून ५८० निवडता येतं, हे सोपं पडतं. डायरेक्टएक्स १२ चे गेम एनव्हिडियावर लिनक्समध्ये विंडोजपेक्षा हळू चालतात, ते आधीच धरून चला. एएमडीचं कार्ड असतं तर माझं उत्तर बरंच वेगळं असतं.

लोक अडतात त्या जागा सांगतो.

सिक्युअर बूट चालू ठेवून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला की मिंट एक पासवर्ड ठरवायला लावतं. पुढच्या रिस्टार्टला निळा पडदा येतो, तिथे "एनरोल मॉक" निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो. हुकला की ड्रायव्हर लोड होत नाही आणि मग "लिनक्सवर गेम दहा एफपीएसने चालतो" अशी तक्रार येते.

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये आहे. ते चालू असताना शटडाउन म्हणजे अर्धी झोपच असते, त्यामुळे विंडोजची डिस्क लिनक्समध्ये फक्त वाचता येते, लिहिता येत नाही.

स्टीमचे विंडोजवर उतरवलेले गेम त्याच एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीच्या) डिस्कवरून लिनक्समध्ये चालवायचा मोह होतो. करू नका. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी जे फोल्डर बनवतं त्यात कोलन असलेली नावं लागतात, विंडोजला ती चालत नाहीत. गेम "लाँचिंग" म्हणतो आणि गप्प बंद होतो. लिनक्सच्या गेमसाठी एक्स्ट-४ (लिनक्सच्या पद्धतीच्या) डिस्कवर वेगळी लायब्ररी ठेवा.

आणि घड्याळ. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की वेळ साडेपाच तास मागे दिसेल. बोर्डवरच्या घड्याळात लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, म्हणून हा नेमका साडेपाचचा फरक. किरकोळ वाटतं, पण चुकीच्या वेळेवर बँकेची साइट प्रमाणपत्राचा एरर देते आणि टॅलीत व्हाउचरवर चुकीची तारीख पडू शकते. लिनक्सला "बोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेचं मान" असं एकदाच सांगावं लागतं.

कीबोर्ड_धूळ

मॅक मिनीचा कोणी विचार केला का? आवाज नाही, वीज कमी.

फ्रेमरेट

या यादीसाठी नाही. व्हॅलोरंट मॅकवर नाही, सीएस २ नाही, जीटीए ५ नाही, टॅलीही नाही. एम मालिकेच्या चिपवर बूट कँपही (मॅकवर विंडोज टाकायची सोय) नाही. व्हिडिओ एडिटिंग हे मुख्य काम असतं तर बोललो असतो.

शिरोरेखा

श्रीलिपीच्या फायलींबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जाणार आहे.

त्या फायलींत खरं मराठी नाही. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक आहेत, त्यावर देवनागरी दिसणारा फॉन्ट चढवलेला आहे. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की चिन्हांचा कचरा दिसतो. फॉन्टच्या फायली लिनक्समध्ये टाकल्या तर वाचता येईल, पण टाइप करणारा प्रोग्राम विंडोजचाच आहे. त्यामुळे दुरुस्त्या तिकडेच होणार.

फॉरमॅट करण्याआधी फॉन्टचं फोल्डर आणि श्रीलिपीचं इन्स्टॉलर वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लायसन्स डाँगलवर (यूएसबीला लावायच्या चावीवर) असेल तर त्याचा ड्रायव्हर ११ वर चालतो का ते विक्रेत्याला आधी विचारा.

खरा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये (सगळीकडे वाचता येणाऱ्या खऱ्या मराठीत) आणणं. सगळ्या फायली एका दमात बदलू नका. ज्या वारंवार लागतात त्या आधी घ्या, दहा-दहा करून, आणि मूळ फाइल जपून ठेवा. बदलून झाल्यावर तीन जागा डोळ्यांनी तपासा. पहिली, ऱ्हस्व वेलांटी: जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाइप होते, म्हणून जोडाक्षरावर घसरते. "स्थिती" शोधून बघा, तिथेच मोडतं. दुसरी, रफार: "कार्य", "वर्ष", "मार्च". तिसरी, "ऱ्य" आणि "ऱ्ह": "शेतकऱ्यांना" मधला ऱ्य बदलून "र्य" झाला तर शब्दच चुकतो. पत्रात सातबारा, नावं, रकमा असतील तर आकडेही पुन्हा ताडून बघा.

यापुढचं टायपिंग इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्ड रचनेत) करा. ते विंडोजमध्ये असतंच, मिंटमध्ये आयबस आणि एम१७एन हे टायपिंगचे प्रोग्राम टाकून "मराठी इन्स्क्रिप्ट" जोडता येतं, आणि दोन्हीकडे कळा त्याच. शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ, मग डी दाबून हलन्त, मग य: झाला ऱ्य.

लिबर ऑफिस वापरणार असाल तर भाषेच्या सेटिंगमध्ये "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" चालू करून तिथे मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट तो त्या खान्यातून घेतो, वरच्या इंग्रजीच्या खान्यात बदलून काही होत नाही. मंगल फॉन्ट मिंटमध्ये नसतो, त्यामुळे ओळींमधलं अंतर बदलतं आणि दोन पानांचं पत्र तीन पानांवर जातं. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा.

सातवीपिढी

मुदतवाढ घेतली, एसएसडी लावली, केबल काढून ११ होम टाकलं, लायसन्स आपोआप लागलं. टीपीएम २.० दिसतंय. पण व्हॅलोरंट व्हॅन ९००३ देतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट "एनेबल्ड" आहे, तरी विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये "ऑफ" दिसतं. बायोस मोड यूईएफआयच आहे. लिनक्स अजून टाकलेलं नाही.

मोकळा_स्लॉट

९००३ म्हणजे फक्त सिक्युअर बूट, टीपीएम ठीक आहे. बायोसमध्ये "एनेबल्ड" असून विंडोजमध्ये "ऑफ" दिसतं तेव्हा बहुतेक वेळा बोर्डात सिक्युअर बूटच्या चाव्याच भरलेल्या नसतात, म्हणजे तो "सेटअप मोड" मध्ये असतो. सिक्युअर बूटच्या पानावर मोड "कस्टम" करा, म्हणजे "की मॅनेजमेंट" उघडेल. तिथे "इन्स्टॉल डिफॉल्ट कीज" किंवा "रिस्टोअर फॅक्टरी कीज" असं काही असेल ते चालवा, मग मोड परत "स्टँडर्ड" वर आणा, सेव्ह करून बाहेर या. बोर्ड आसुसचा असेल तर "ओएस टाइप" मध्ये "अदर ओएस" असेल, ते "विंडोज यूईएफआय मोड" करा. तिथे "अदर" ठेवलं की सिक्युअर बूट बंदच राहतं. पुढे मिंट टाकतानाही ते "अदर" करू नका, मिंट सिक्युअर बूटमध्ये चालतं.

आणि बायोसला हात लावण्याआधी एक बघा: मायक्रोसॉफ्टच्या खात्याने ११ नवीन टाकलं की काही मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी" खाली "डिव्हाइस एन्क्रिप्शन" चालू दिसलं, तर खात्यात जाऊन ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि त्या वेळी खातं उघडायला दुसरा फोन किंवा मशीन हाताशी लागेल.

सातवीपिढी

एन्क्रिप्शन बंदच होतं. मोड "सेटअप" होता, फॅक्टरी कीज भरल्यावर विंडोजमध्ये "ऑन" आलं आणि व्हॅलोरंट सुरू झालं. हार्डडिस्क परत जोडली आहे. आज श्रीलिपीच्या पहिल्या दहा फायली घेतल्या: "स्थिती" दोन फायलींत मोडलं होतं, "शेतकऱ्यांना" चार फायलींत.

शिरोरेखा

तो "र्य" वर्डमध्ये शोध-बदल करून सरसकट बदलू नका, नाहीतर "कार्य" आणि "सूर्य" मधला रफारही जाईल. शब्दांचे शेवट धरून शोधा: "कर्यां", "वार्या", "दुसर्या", "तिसर्या", "सार्या". रफार बरोबर असलेले शब्दही मध्ये येऊ शकतात, म्हणून "रिप्लेस ऑल" न दाबता एकेक बघत पुढे जा.