'निर्यात आवृत्ती': पाणबुडीसाठी हा शब्द चालेल का?

भाषांतर करताना अडलो आहे. मजकूर डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्यांवरचा आहे आणि 'एक्स्पोर्ट व्हेरियंट' दर दोन ओळींनी येतो. मी सरसकट 'निर्यात आवृत्ती' लिहीत गेलो. संपादकांनी समासात एवढंच विचारलं, "मग मूळ आवृत्ती कोणाकडे?" शोधायला बसलो, तर टाइप २०९ ची मूळ आवृत्ती काही सापडेना. दुसरा शब्द सुचवा. प्रकार, भेद, वाण, काहीही चालेल.

—

सापडणार नाहीच. टाइप २०९ ही जर्मन बनावटीची, पण जर्मन नौदलाने ती कधी घेतलीच नाही. त्यांचा वावर उथळ बाल्टिक समुद्रात, तिथे टाइप २०६ सारखी ५०० टनांच्या आतबाहेरची छोटी बोट पुरायची. २०९ आखली तीच बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी. पहिली ग्रीसने घेतली, मग अर्जेंटिना, पेरू, तुर्कस्तान, इंडोनेशिया, ब्राझील, दक्षिण कोरिया असं करत डझनाहून अधिक नौदलांत ती गेली. फ्रेंच बनावटीच्या स्कॉर्पीनचीही तीच गत. फ्रान्सच्या स्वतःच्या पाणबुड्या अणुशक्तीवरच्या, स्कॉर्पीन पाहायची तर चिली, मलेशिया, भारत नाहीतर ब्राझील गाठा.

आवृत्ती म्हटली की पहिली, दुसरी, सुधारून वाढवलेली असा क्रम डोळ्यांपुढे येतो. इथे एकाच आराखड्याची शेजारी शेजारी वाढलेली भावंडं आहेत.

—

थोडा असहमत. किलो वर्गाला मूळ आहे ना! सोव्हिएत नौदलाची ती प्रकल्प ८७७ आणि बाहेर विकली ती ८७७ ईकेएम. त्यातलं 'ई' निर्यातीचंच. १९८६ साली आपल्या ताफ्यात आलेली सिंधुघोष याच जातीची. तिला 'निर्यात आवृत्ती' म्हटलं तर काय बिघडलं?

अवांतर: हे 'किलो' वजनाचं नव्हे. नाटोने सोव्हिएत पाणबुड्यांना रोमन अक्षरांची सांकेतिक नावं दिली, त्यातलं 'के' चं हे नाव. '३००० टनी किलो' असं वाक्य एका मजकुरात वाचलं तेव्हा हसू आवरलं नव्हतं.

—

किलोपुरतं मान्य. पण 'निर्यात' या शब्दाकडेही बघा. कापड, फळं यांच्या बाबतीत 'एक्स्पोर्ट क्वालिटी' म्हणजे निवडक, उत्तम माल. शस्त्रास्त्रांच्या बोलण्यात मात्र उलट: निर्यातीचा म्हणजे हातचं राखून दिलेला. वाचक यातला कोणता अर्थ घेईल हे तुमच्या हातात नाही.

पाणबुड्यांना यातला कुठलाच अर्थ धड बसत नाही. जर्मन नौदलाच्या टाइप २१२ ए चं कवच अचुंबकीय पोलादाचं आहे, निर्यातीच्या २१४ ला ते दिलं नाही. पण हायड्रोजनपासून वीज करणारे इंधनघट (फ्युएल सेल) दिले, आणि आकाराने २१४ मोठी आहे. हिला कमअस्सल म्हणायचं की अव्वल?

—

माझं मत 'वाण' ला. बियाण्याचं वाण जमीन आणि पाऊसमान बघून निवडतात, तसंच हे. थंड समुद्र धरून आखलेली बोट उष्ण कटिबंधात नेली की बॅटऱ्या तापतात, आतली हवा थंड ठेवायला जास्त यंत्रणा लागते. मग खोकी हलतात, नळ्या फिरवाव्या लागतात, आणि पाणबुडीत वितभर जागा सरकवायची तरी वजनाचा तोल नव्याने जमवावा लागतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही बोटी सारख्याच दिसतात.

लांबीतला फरक मात्र दिसतो. चिलीची स्कॉर्पीन ६६ मीटरच्या आसपास, आपली कलवरी साधारण ६७.५, ब्राझीलची रियाशुएलो ७१.६. अंगरख्याला कळी घालतात तसा मध्ये एक गोल तुकडा वाढवतात आणि त्यात जादा इंधन, शिधा, माणसं मावतात. आपल्या शिशुमार या २०९ मध्ये वेगळीच चीज आहे: अख्ख्या चालकदलाला पोटात घेऊन पाण्यावर येणारा सुटकेचा गोल. इतर देशांच्या बहुतेक २०९ मध्ये तो नाही. एवढा मोठा गोल मध्ये बसवायचा तर आतली मांडणीच बदलते. याला नुसती 'आवृत्ती' म्हणणं म्हणजे घर नव्याने बांधून 'रंग दिला' म्हणण्यासारखं.

—

वाण गोड आहे, पण वाचक अडखळेल. 'वाण नाही पण गुण लागला' मधला वाण रंगाचा, संक्रांतीचं वाण निराळं, वाणसामान आणखी तिसरंच. त्यात 'भारतीय वाणाची पाणबुडी' लिहिलंत तर ती पेरायची की बुडवायची?

साधं 'उपप्रकार' घ्या. २०९ ला तर तेही नको. ११००, १२००, १४००, १५०० हे आकडेच पुरेत, ते ढोबळमानाने टनांचे आहेत. 'टाइप २०९/१५००' लिहिलं की काम झालं. फक्त 'प्रकार' आणि 'वर्ग' यांची सरमिसळ करू नका. प्रकार आराखडा करणाऱ्याचा, वर्ग वापरणाऱ्या नौदलाचा. प्रकार २०९/१५००, वर्ग शिशुमार. त्या वर्गातल्या दोन बोटी जर्मनीतल्या कील शहरात बांधल्या, दोन मुंबईत माझगाव डॉकमध्ये. चौघी एकाच वर्गातल्या, आणि त्यातली एकही आपण निर्यात केलेली नाही!

—

सगळ्यांचे आभार. किलोसाठी 'निर्यात आवृत्ती' ठेवतो, २०९ आणि स्कॉर्पीनसाठी 'उपप्रकार', आणि जिथे कारण सांगायचं तिथे सरळ वाक्य: 'ब्राझीलसाठी लांबी वाढवली'. वाण मनातून जात नाहीये, पण संपादक कापतील.

आणखी एक शंका. मूळ मजकुरात पाणबुडीच्या 'सेल' चा उल्लेख आहे. मी 'शीड' लिहिलंय.

—

अरे देवा, खोडा ते! पाणबुडीला शीड कुठलं? पाठीवर उभा असतो तो मनोरा, पेरिस्कोप त्यातूनच वर येतो. अमेरिकन लोक त्याला सेल म्हणतात, ब्रिटिश फिन म्हणतात. मराठीत मनोरा चांगला रुळलाय.

—

शिशुमारचा विषय निघालाच आहे म्हणून: संस्कृतात शिशुमार म्हणजे नदीतला डॉल्फिन. तोच शब्द झिजत मराठीत आला तो 'सुसर' होऊन, आणि हिंदीत 'सूंस' होऊन डॉल्फिनच राहिला. म्हणजे एकाच शब्दाचे दोन उपप्रकार.