आईला वारंवार युरिन इन्फेक्शन : अँटिबायोटिकशिवाय मार्ग आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे. आई ६३ वर्षांची, शुगर नाही, सोनोग्राफी नॉर्मल. तरी दहा महिन्यांत चौथं युरिन इन्फेक्शन. रात्री जळजळ सुरू होते, दर दहा मिनिटांनी बाथरूम, मग कल्चर (लघवीत कोणता जंतू आहे, त्याची तपासणी), मग अँटिबायोटिकचा कोर्स. महिना-दीड महिना बरा जातो की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मला धास्ती बसली आहे ती कल्चरच्या रिपोर्टची. चारही वेळा ई. कोलाय हाच जंतू. पहिल्या रिपोर्टात बहुतेक औषधांपुढे 'एस' होतं, म्हणजे औषध लागू पडतं. परवाच्या रिपोर्टावर बोट ठेवून मोजलं, अकरा औषधांपुढे 'आर', म्हणजे जंतू त्या औषधांना दाद देत नाही. तोंडाने घ्यायचं म्हटलं तर नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिनची पुडी, एवढंच उरलंय. त्यात आता डॉक्टर म्हणतात, सहा महिने रोज रात्री कमी डोसची अँटिबायोटिक घ्या. माझं मन तिथे अडतंय.

ब्रिटनमध्ये २४० बायकांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात मेथेनामाइन हिप्पुरेट हे अँटिबायोटिक नसलेलं औषध रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं ठरलं. आम्लधर्मी लघवीत त्याचं फॉर्मल्डिहाइड होतं, त्याने जंतू मरतात. डी-मॅनोज या साखरेची पावडर मीच हौसेने आणली होती. २०२४ चा ५९८ बायकांचा अभ्यास वाचला, काही फायदा दिसला नाही, बंद केली.

पाण्याचं तर काय सांगू. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जायचं असलं की आई सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही, नवतपाच्या कडक उन्हातसुद्धा. "वाटेत कुठं जायचं बाई?" म्हणते. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मेथेनामाइन कुणाला नागपुरात मिळालं का? आणि पाळी गेलेल्यांसाठी योनीमार्गात लावायची इस्ट्रोजेन क्रीम असते म्हणतात, ती कुणी वापरली आहे का? आई हा विषय काढू देत नाही. युरोलॉजिस्टकडे जावं की गायनॅककडे?

प्रतिसाद :
ताई, माझ्या सासूबाईंना क्रीमनेच आराम पडला. पाळी गेली की आतली त्वचा पातळ, कोरडी होते, लॅक्टोबॅसिलस हे चांगले जंतू कमी होतात आणि ई. कोलायचं फावतं. त्यांना आधी दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा लावायला सांगितलं होतं. फरक कळायला दोन-तीन महिने लागले, धीर सोडू नका. गायनॅककडे जा, लेडी डॉक्टर असल्या की आई बोलतील. घरात कुणाला ब्रेस्ट कॅन्सर झाला असेल तर आधीच सांगा. मेथेनामाइनचं विचारताना किडनीचा रिपोर्ट सोबत ठेवा. आणि थंडी वाजून ताप आला, कंबरेच्या वर दुखलं, तर पर्याय शोधत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

धागाकर्ती :
फार आधार वाटला. सोमवारचीच वेळ घेते. आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, पहिल्यांदाच तिने "किती दिवस लावायची?" असं स्वतःहून विचारलं.